कंदील विझला की कोण उतरतंय? हरिपूरच्या पेवात अडकलेल्या एका रहस्यकादंबरीचं प्रकरण

खून ठरला होता, खुनी ठरला होता, पाऊणएक मजकूर टाइप होऊन प्रकाशकाच्या टेबलावर पोचला होता. एवढं झाल्यावर एका निवृत्त हमालानं एका वाक्यात ती कादंबरी आडवी केली. पुढे ती उभी कशी राहिली, ते इथे सविस्तर लिहितो आहे. लेखक सांगलीच्या गावभागातले. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, इथेही तेच चालेल. मी त्यांची मुद्रितं तपासतो, त्यामुळे सगळ्या खुनांची बातमी मला वाचकांच्या आधी लागते.

आधी माणूस कसा आहे ते सांगायला हवं, कारण त्याच्या सवयी कळल्याशिवाय प्रकरण कळायचं नाही.

अण्णांची सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत, हक्कसोडपत्र यांच्या ढिगाऱ्यात बसून त्यांनी माणसं पाहिली. भावाच्या नावे हक्क सोडायला आलेल्या बहिणी नवी साडी नेसून बाकावर बसायच्या. सही करताना त्या कुठे बघायच्या, हे अण्णा अजून सांगू शकतात. त्यांच्या कादंबऱ्यांतले खून याच बाकावर जन्माला आलेत. वेडा खुनी, विकृत खुनी, मालिकेत खून करणारा खुनी असले प्रकार त्यांना आवडत नाहीत. ‘अरे, आपल्याकडं माणूस माणसाला मारतो तो बांधासाठी, नाहीतर वारसासाठी. बाकी सगळं आयात केलेलं,’ असं ते म्हणतात. मला हे थोडं एकांगी वाटतं, पण त्यांच्या पुस्तकांना त्याचा फायदाच झालाय.

सकाळी वर्तमानपत्र आलं की पहिलं पान बाजूला पडतं आणि जाहीर नोटिसा उघडल्या जातात. ‘सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास’ हे शब्द आले की अण्णा चष्मा पुसतात. त्यानंतर निधनवार्ता. मग अर्धा डबा भडंग, वर बारीक चिरलेला कांदा, आणि लिखाण. लिहितात शाईच्या पेननं, फुलस्केपच्या एकाच बाजूला. दुसरी बाजू दुरुस्त्यांसाठी कोरी ठेवतात. मोबाईल काकूंकडे. दुपारी झोप, संध्याकाळी आयर्विन पुलावर किंवा आमराईत फेरी. रात्री लिहीत नाहीत. रात्री लिहिलेलं भीतिदायक वाटतं आणि सकाळी वाचलं की हास्यास्पद, असं त्यांचं मत.

रक्ताचं त्यांना वावडं आहे. सिव्हिलच्या शवागाराची पायरी ते कधी चढले नाहीत, आणि टीव्हीवर गुन्ह्यांचा कार्यक्रम लागला की उठून आत जातात. वाचक भेटायला येतात ते करड्या नजरेचा माणूस बघायला, आणि त्यांना दिसतात बेदाणे निवडत बसलेले आजोबा. लहानपणी त्यांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसाकडून आपण वेग घेतला आणि वेषांतरं सोडून दिली, असं ते सांगतात. दुसरं घराणं नाटकाचं. सांगलीकराला ते चुकत नाही. त्यांच्या प्रकरणांचा शेवट दारात पिस्तूल घेऊन कुणी उभं राहिल्यानं होत नाही, कुणीतरी खोलीतून उठून गेल्यानं होतो. देवलांचं ‘शारदा’ (1899) हे त्यांच्या मते हरिपूरच्या माणसानं लिहिलेली पहिल्या दर्जाची गुन्हेकथा आहे. त्यात पैसा आहे, घरातलाच गुन्हेगार आहे, आणि सगळ्यांना माहीत असूनही कुणी तक्रार करत नाही.

हस्तलिखिताची दुसरी प्रत नेहमी विश्रामबागेत, पुतणीकडे असते. त्यामागे कारण आहे. आयर्विनजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागातली तळमजल्याची कपाटं भिजली, त्यात त्यांचा जुन्या रहस्यमासिकांचा संग्रह लगदा झाला. तेव्हापासून पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की पहिली पिशवी भरली जाते ती कागदांची.

आणखी एक सवय, आणि या प्रकरणात तीच महत्त्वाची. अण्णा कुणालाही खुनाबद्दल विचारत नाहीत. माहिती काढायला गेले की फक्त कामाबद्दल विचारतात. गूळ कसा करतात, वजनकाटा कसा तपासतात, शेडवर बेदाण्याला धुरी कशी देतात. ‘मारायचं कसं’ असं विचारलं की माणूस सिनेमात पाहिलेलं सांगतो. काम कसं करता विचारलं की जीव कुठे धोक्यात असतो ते आपोआप बाहेर येतं. ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या. त्यांच्या गोष्टींतली विषं कशी नेमकी आहेत हे सांगताना अण्णा हाच दाखला देतात.

आता कादंबरी. हरिपूर सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथे हळद साठवायला जमिनीत पेवं खणलेली असत. तोंड अरुंद, आत घागरीसारखा फुगत गेलेला खड्डा, खोली वीस फुटांच्या आसपास, कडेनं पाला. हळद भरायची, तोंड बंद करून मातीनं लिंपायचं, आणि भाव येईल तेव्हा उघडायचं. कीड लागत नाही, रंग उतरत नाही. कारण साधं आहे. बंद जागेतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कर्बवायू वाढतो. हवेपेक्षा तो जवळपास दीडपट जड, त्यामुळे तळाशी बसून राहतो. ज्या हवेत किडा जगत नाही तिच्यात माणूसही जगत नाही. हळद टिकवणारी आणि माणूस मारणारी गोष्ट एकच, ही कल्पना अण्णांना सापडली आणि कादंबरी सुरू झाली.

पहिल्या मसुद्यात बळी होता अडत दुकानाचा म्हातारा दिवाणजी. त्याला एक खोटा दस्त माहीत असतो. मालक सांगतो, नुकतंच उघडलेलं पेव आहे, आत उतरून माल बघून या. दिवाणजी कंदील घेऊन उतरतो आणि वर येत नाही. सगळे म्हणतात, अपघात. पुढची दोनशे पानं तपास.

कादंबरीतला धंद्याचा भाग त्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवायचा, हा अण्णांचा नियम आहे. यावेळी ऐकायला बसले होते मार्केट यार्डात उमर घालवलेले एक हमाल, वयानं अण्णांपेक्षा मोठे. पेवाचं प्रकरण त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, ‘समदं ब्येस हाय. पर कंदील इजला की कोन उतरतंय हो? तुमचा दिवाणजी खुळा हाय का?’

झालं. पेव उघडलं की बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत मंदावली किंवा विझली तर थांबायचं. ही रीत हळदीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुरलेला दिवाणजी ती विसरतो, हे कुणी मानणार नाही. आणि दिवाणजीलाच आत पाठवता आलं नाही तर पुढची दोनशे पानं रद्दी.

इथून पुढे अण्णांनी स्वतःचीच सवय मोडली आणि पावसाळा वाया घालवला. कामाबद्दल विचारायचं सोडून ते मरणाबद्दल विचारत सुटले.

पहिली फेरी मिरजेला, एका निवृत्त डॉक्टर मित्राकडे. प्रश्न असा की दिवा जळत राहील आणि माणूस मरेल अशी हवा असते का? डॉक्टरांनी सांगितलं ते असं. नेहमीच्या हवेत प्राणवायू जवळपास 21 टक्के. तो 16-17 टक्क्यांवर आला की साधी ज्योत विझते. माणूस तेव्हा धापा टाकेल, गोंधळेल, पण शुद्ध हरपते ती 10 टक्क्यांच्या खाली. म्हणजे नुसता प्राणवायू कमी होत असेल तर दिवा माणसाच्या आधी जातो, आणि कंदिलाची रीत टिकली ती यामुळेच. काही विषारी वायू असे आहेत की दिवा मजेत जळतो आणि माणूस जातो, त्यामुळे दिव्यावर आंधळा भरवसा ठेवू नये, हेही त्यांनी बजावलं. अण्णांचे डोळे चमकले. पण कोरड्या हळदीच्या पेवात असला वायू आणायचा कुठून? बाहेरून आणून सोडला तर ती पेवाची गोष्ट उरत नाही, रसायनाच्या बाटलीची होते. त्यांनी ते टाकून दिलं. माझ्या मते बरोबर केलं.

डॉक्टरांकडून आणखी एक अडचण घेऊन ते परतले. प्राणवायूअभावी आलेल्या मरणात शवविच्छेदनात नेमकी अशी खूण सापडत नाही. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतील, तपासणीला जाईल, विष नाही असा अहवाल येईल. खरा पुरावा म्हणजे पेवातली हवा, आणि माणसाला बाहेर काढायच्या धडपडीत तीच पहिली निघून जाते.

दुसरी फेरी एका निवृत्त फौजदाराकडे. इथे कायद्याचा गुंता निघाला. कादंबरी घडते 2024 च्या दिवाळीआधी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झालेली, त्यामुळे अण्णांच्या इन्स्पेक्टरनं ‘तीनशे दोन लावतो’ म्हणून भागत नाही. खुनाचं कलम आता 103. पण इथे मुळात खुनाची नोंदच होणार नाही. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चौकशी, जी पूर्वी 174 खाली व्हायची. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावं, अशी तरतूद नव्या कायद्यात आहे. ती टप्प्याटप्प्यानं लागू होते आहे. पण ज्याला सगळे अपघात म्हणतायत तिथे तज्ज्ञ कशाला येतील? फौजदार म्हणाले, ‘तुमच्या खुन्याला वकिलाची गरजच नाही. तो नुसता रडत बसला तरी सुटतो.’

मग सल्ले सुरू झाले. प्रकाशक म्हणाले, काळ मागे न्या, 1990 च्या आसपास, म्हणजे मोबाईल आणि सीसीटीव्हीची कटकट नाही. अण्णांना हा उपाय भित्रेपणाचा वाटतो. मोबाईल नको म्हणून गोष्ट मागे नेणं म्हणजे परीक्षेचा पेपर अवघड आहे म्हणून शाळा बदलणं, असं ते चिडून म्हणाले. शिवाय कंदिलाची अडचण तेव्हाही तीच होती, उलट जास्त. मी सुचवलं, दिवाणजीला ढकलून द्या. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. ढकललं की हाड मोडतं, खरचटतं, झटापट होते, आणि ‘अपघात’ या शब्दातली सगळी शांतता जाते.

पाऊस ओसरल्यावर ते चालत हरिपूरला गेले. संगमेश्वराचं दर्शन घेतलं आणि पेवांच्या धंद्यात असलेल्या एका घराच्या ओट्यावर जाऊन बसले. 2005 च्या महापुरानं बहुतेक पेवांची वाट लावली. पाणी शिरलं, कडा ढासळल्या. माल शीतगृहात आणि गोदामात जायला लागला. हे सगळं त्यांना माहीत होतं. यावेळी त्यांनी मरणाचं नावही काढलं नाही. विचारलं एवढंच, ‘कंदील कुठं गेले हो सगळे?’

आजोबा म्हणाले, रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं तेव्हाच गेले. आता अंधारात काही बघायचं असलं की नातू खिशातनं मोबाईल काढतो आणि उजेड पाडतो.

बॅटरीचा उजेड विझत नाही. हवा असो वा नसो, बल्ब लागतोच. कंदील दोन कामं करत होता, दाखवण्याचं आणि सावध करण्याचं. मोबाईलनं पहिलं काम घेतलं, दुसरं कुणीच घेतलं नाही, आणि ते गेलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्या मोबाईलला टाळण्यासाठी प्रकाशक काळ मागे न्यायला सांगत होते, त्यानंच कादंबरी वाचवली.

पण मग मुरलेला दिवाणजी बळी म्हणून चालेना. ज्याला रीत माहीत नाही असा माणूस हवा. अण्णांनी दिवाणजीला जिवंत ठेवलं आणि पुण्याहून येणारा जावई उभा केला. स्थापत्य अभियंता, हातात मोजपट्टी, सासरच्या मिळकतीचं मोजमाप करायला निघालेला. बायकोनं हक्कसोडपत्रावर सही करू नये, हा आग्रह त्याचा. इथे अण्णांची नोकरी कामी आली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली 9 सप्टेंबर 2005 ला. ज्या पावसाळ्यात पेवं बुडाली, त्याच पावसाळ्याच्या शेवटी. पुढे 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. दुरुस्तीआधीच वारलेल्या हळद व्यापाऱ्याची मुलगी, आजवर ‘तुझा काय संबंध’ म्हणून गप्प बसवलेली, एकदम वाटेकरी झाली. तिच्या काकांनी पुरात वाचलेलं एकच पेव जावयाला दाखवलं. ‘बघा की आत उतरून,’ एवढंच म्हणाले. ढकललं नाही, खोटं बोलले नाहीत. सावधही केलं नाही.

खून इतका स्वच्छ झाला की तो सिद्ध कसा करायचा हाच प्रश्न उरला. त्याचं उत्तरही त्याच ओट्यावर मिळालं. अण्णांनी विचारलं होतं, आत कुणी गप झाला तर तुम्ही लोक काय करता? आजोबा म्हणाले, पहिल्यांदा वरच्यांना धरायचं. एक पडला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो आणि तोही जातो. मग पाण्याच्या बादल्या ओतायच्या, पानांची फांदी दोरीला बांधून खालीवर करायची, हवा खेळवायची. त्यानंतर कंबरेला दोर बांधून माणूस सोडायचा.

विहिरी आणि टाक्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला हे नवं नाही. वाचवायला गेलेलाच दुसरा बळी ठरतो. अण्णांनी त्यातून काय काढलं ते बघा. जावई आत कोसळतो. काकांचा स्वतःचा मुलगा दाजींना काढायला धावतो. काका त्याला दोन्ही हातांनी आवळून धरतात आणि ओरडतात, ‘उतरू नको! आधी फांदी आणा, फांदी!’ तिथे जमलेले सगळे त्यांचं कौतुक करतात, म्हाताऱ्यानं पोराचा जीव वाचवला म्हणून. दिवाणजी मात्र घरी येऊन जेवत नाही. ज्याला मुलासाठी क्षणात आठवलं, त्याला जावयासाठी सकाळपासून का आठवलं नाही? हवा उडून गेली, व्हिसेरा कोरा आला, पण ही आरोळी वीस जणांनी ऐकलेली आहे. चौकशीत प्रत्येक साक्षीदार ती काकांच्या बाजूनं सांगतो, आणि सांगताना त्यांना अडकवत जातो.

मुद्रितं तपासताना मी इथे थांबलो आणि काकूंना हाक मारली. अण्णांच्या आजवरच्या पुस्तकांतला हा सगळ्यात चांगला दुवा आहे, आणि तो पोलिसाच्या, डॉक्टरच्या किंवा वकिलाच्या डोक्यातून आलेला नाही. पेवावरच्या रोजच्या कामातून आलेला आहे. मिरजेची फेरी अगदी फुकट गेली असं मात्र मी म्हणणार नाही. ज्योत आधी का विझते हे डॉक्टरांनी समजावलं नसतं तर ओट्यावरच्या उत्तराची किंमत अण्णांना कळली असती का, याबद्दल मला शंका आहे. अण्णा ही शंका मान्य करत नाहीत.

नव्या मसुद्यात काही गोष्टी गेल्या. खोट्या दस्ताचं उपकथानक संपूर्ण कापलं. जिल्हा न्यायालयातलं एक खटकेबाज प्रकरण गेलं. ते मला आवडायचं, पण त्यात वकील नाटकातल्यासारखे बोलत होते. दिवाणजी मेलेला होता तो जिवंत झाल्यामुळे त्याला आवाज द्यावा लागला, आणि पूर्वी नुसता प्रेत म्हणून पडलेला माणूस आता सगळी गोष्ट तोलून धरतो.

कलमाचा वाद मात्र मिटलेला नाही. कायद्यानं जे करणं बंधनकारक आहे ते न करणं हीदेखील कृतीच धरली जाते. पण पाहुण्याला पेवातल्या हवेबद्दल सांगणं हे कायद्याचं बंधन की नुसती माणुसकी? त्यावर सगळं अवलंबून. अण्णांचा इन्स्पेक्टर 103 लावायला जातो, वरिष्ठ 105 म्हणजे सदोष मनुष्यवधावर या म्हणतात, आणि काकांचा वकील 106 मधल्या हलगर्जीपणावर भागवायला बघतो. ‘बघा की आत उतरून’ या चार शब्दांत निमंत्रण आहे, त्यामुळे काकांनी काहीच केलं नाही असं म्हणता येत नाही, हा माझा मुद्दा. फौजदार मित्र म्हणतात, एवढ्या शब्दांवर कुठलंही न्यायालय खून धरणार नाही. अण्णांनी दोषारोपपत्रावर कादंबरी थांबवली आहे, आणि कलमाच्या जागी इन्स्पेक्टर पेन उचलून धरतो असं लिहिलंय. मला ही पळवाट वाटते. दोनशे पानं वाट पाहिलेल्या वाचकाला एक आकडा तरी मिळायला हवा.

सध्या प्रकाशक म्हणतायत, कागद महाग झालाय, पानं कमी करा, आणि त्यांचं बोट नेमकं दुय्यम निबंधक कार्यालयातल्या बाकाच्या प्रकरणावर आहे. त्यात खून नाही, पाठलाग नाही, एक बाई पेन हातात घेऊन बसलीय आणि सही करत नाही. अण्णांनी त्याबदल्यात तपासाची तीन प्रकरणं कापून द्यायची तयारी दाखवली आहे. प्रकाशकांचा फोन काकूंनी घेतला आणि अण्णा झोपलेत म्हणून सांगितलं. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.